हर्मान क्रुप आणि बर्नडॉर्फ : चांदीच्या मुलाम्याच्या धंद्याचा एक विसरलेला संस्थापक

धागाकर्ता : धातुवेडा

क्रुप म्हटलं की जर्मनीतलं एसेन, तोफा आणि दोन महायुद्धं एवढंच आठवतं. तोफांवाला थोरला भाऊ आल्फ्रेड. त्याच्याहून दोन वर्षांनी धाकटा हर्मान ऑस्ट्रियात गेला, तिथलाच झाला आणि त्यानं युरोपातल्या हजारो जेवणाच्या टेबलांवर चांदीचा मुलामा दिलेले चमचे-काटे पोचवले. त्याच्याविषयी मराठीत वाचायला काहीच मिळत नाही, म्हणून हा धागा.

हर्मानचा जन्म १८१४चा, एसेनचा. वडील फ्रीडरिश यांनी १८११ मध्ये पोलादाचा कारखाना काढला, त्यात घरची पुंजी घातली आणि १८२६ मध्ये कर्ज मागे ठेवून ते वारले. तेव्हा आल्फ्रेड १४ वर्षांचा, हर्मान १२चा. आई टेरेझे यांनी कारखाना बंद करायला नकार दिला. पुढची कित्येक वर्षं मूठभर कामगार, सोनारांना लागणारे छोटे पोलादी रूळ, टाकसाळीचे ठसे, अशा फुटकळ कामांवर घर चाललं. १८३८-३९ मध्ये आल्फ्रेड फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये फिरत होता, तेव्हा एसेनची भट्टी आणि हिशेब धाकट्या भावांनी सांभाळले.

याच काळात क्रुप बंधूंच्या हाती चमच्याचा रूळ आला. तोवर चमचा ठोकून घडवायचा किंवा ठशाखाली दाबायचा, आणि नक्षी वेगळी काढायची. क्रुपांच्या यंत्रात दोन पोलादी रुळांवर चमच्याचा आकार नक्षीसकट उलटा कोरलेला असे. पट्टी एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं जाडी, आकार, नक्षी सगळं उमटलेला नग बाहेर. कडा कापायच्या, वाटी खोलगट करायची, झालं. या शोधाचं श्रेय बहुतेकदा आल्फ्रेडला दिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. हे यंत्र आयुष्यभर राबवून त्यावर धंदा उभा केला तो हर्माननं.

व्हिएन्नाशी संबंध आला तो टाकसाळीमुळे. तिथल्या शाही टाकसाळीला क्रुपांनी रुळांचं यंत्र पुरवलं, त्यावरून वाद झाला, पैसे अडकले आणि एसेनचा कारखाना बुडायच्या बेतात आला. पण त्या खेपांमधूनच आलेक्झांडर शोलर या व्हिएन्नातल्या व्यापाऱ्याची गाठ पडली. १८४३ मध्ये शोलर आणि क्रुप यांनी मिळून व्हिएन्नाच्या नैर्ऋत्येला, ट्रीस्टिंग नदीच्या खोऱ्यातल्या बर्नडॉर्फ गावी धातूच्या वस्तूंचा कारखाना काढला. तो चालवायला हर्मान गेला आणि १८७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यानं तो सांभाळला.

आता मुद्द्याचं. विजेच्या मुलाम्याचा इतिहास सांगताना आपण शोधकांची नावं घेतो. व्होल्टाची बॅटरी १८००ची. १८०५ मध्ये ब्रुन्यातेल्लीनं तिच्यावर चांदीच्या पदकांना सोनं चढवलं. १८३८ मध्ये याकोबीनं सेंट पीटर्सबर्गमध्ये तांब्याचे हुबेहूब साचे काढले. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी सायनाइडच्या द्रावणाचं पेटंट घेतलं (त्यामागचं डोकं जॉन राइट नावाच्या शल्यवैद्याचं), आणि १८४२ मध्ये पॅरिसच्या क्रिस्तोफ्लनं फ्रान्सपुरते हक्क विकत घेतले. हे सगळं खरं. पण चांदी चढवता येणं आणि चांदी चढवलेला चमचा सामान्य घरात वीस वर्षं टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते बर्नडॉर्फचं यश तीन गोष्टी एका छपराखाली आणण्यात होतं : मिश्रधातू, रूळ आणि विजेनं मुलामा चढवायची टाकी. मिश्रधातू म्हणजे जर्मन सिल्व्हर, तांबं, निकेल आणि जस्त यांचा. त्यात चांदी औषधालाही नाही. १८२०च्या दशकात सॅक्सनीत गाइटनरनं आणि बर्लिनमध्ये हेनिंगर बंधूंनी तो बाजारात आणला. त्याआधी शेफील्डची पद्धत होती : तांब्यावर चांदीचा पत्रा भाजून बसवायचा. ती भांडी देखणी, पण घासून घासून कडेची चांदी गेली की लालभडक तांबं डोकावायचं. जर्मन सिल्व्हर मुळातच पांढुरका. त्यावरची चांदी झिजली तरी चमचा पाहुण्यांसमोर ठेवता येतो. शिवाय तो तांब्याहून कडक, त्यामुळे काट्याचे दात वाकत नाहीत.

बर्नडॉर्फनं आपल्या या धातूला ‘अल्पाका’ हे व्यापारी नाव दिलं. मुलामा दिलेल्या मालाला ऑस्ट्रियात ‘चायना सिल्व्हर’ म्हणत. धातू स्वतः ओतायचा, पट्टी स्वतः काढायची, रुळातून नग काढायचे, मग टाकीत सोडायचे. एल्किंग्टनची कलाकुसर मोठी होती, राजेरजवाड्यांचे करंडक त्यांनी केले. हर्मानचा माल डझनांनी खपणारा होता. मला त्याचं जास्त अप्रूप वाटतं.

---

रानवारा :
फार छान माहिती. एक शंका. विजेचा मुलामा यायच्या आधी सोनं-चांदी चढवायची पद्धत काय होती? आणि ती एवढ्या झपाट्यानं का मागे पडली?

धातुवेडा :
सोनं पाऱ्यात कालवून त्याचा लगदा करायचा, तो वस्तूवर चोळायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा उडून जातो, सोनं चिकटून राहतं. काम अप्रतिम टिकाऊ, पण वाफ कारागिराच्या फुप्फुसात जायची. हात थरथरणं, दात पडणं, भ्रम होणं हे त्या पेशाचे ठरलेले आजार होते. सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथीड्रलचा घुमट असाच मढवला, आणि त्या कामात साठेक कारागीर दगावल्याचं सांगितलं जातं. त्याच इमारतीवरच्या अनेक मूर्ती मात्र याकोबीच्या विजेच्या पद्धतीनं घडवल्या. एका इमारतीवर दोन युगं.

मागे पडण्याचं कारण नुसती माणुसकी नव्हतं, तेही सांगायला हवं. विजेच्या टाकीत धातू किती जाड बसवायचा हे मालकाच्या हातात आलं. कमी चांदीत माल तयार होऊ लागला आणि किंमत उतरली.

जाता जाता : सीमेन्स कंपनीचा संस्थापक वेर्नर सीमेन्स. द्वंद्वयुद्धात मित्राचा साक्षीदार झाला म्हणून तो माग्देबुर्गच्या किल्ल्यात कैदेत होता, तिथे त्यानं सोन्याच्या मुलाम्याचे प्रयोग केले आणि १८४२ मध्ये प्रशियाचं पेटंट मिळवलं. पुढे धाकट्या भावानं इंग्लंडला जाऊन ती पद्धत एल्किंग्टनना १५०० पौंडांना विकली. त्या घराण्याची पहिली मोठी कमाई मुलाम्याची.

---

भोसरीकर :
धातुवेडा, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझं आयुष्य प्लेटिंगच्या टाक्यांपाशी गेलं. आधी निकेल-क्रोम, नंतर इलेक्ट्रिकल काँटॅक्टवर चांदी. बर्नडॉर्फला १८५० साली जे करत असतील ते आजच्या कामगाराला दाखवलं तर तो लगेच ओळखेल, म्हणून थोडं टाकीच्या बाजूनं लिहितो.

चमचा आधी बफिंगला, म्हणजे घासून चकचकीत करायला जातो. ओरखडा राहिला तर चांदीखालूनही दिसतो, मुलामा काहीही झाकत नाही. मग तेल-मेण काढायला गरम कॉस्टिक. मग पाणी. मग ॲसिड डिप. मग पुन्हा पाणी, भरपूर. पाणी चमच्यावर सलग पसरलं पाहिजे. कुठे थेंब फुटून बाजूला सरकला तर तिथे तेलाचा बोटाएवढा डाग आहे आणि तिथली चांदी महिन्याभरात पोपड्यासारखी निघणार. आमच्याकडे नवीन पोराला पहिले काही आठवडे फक्त हे पाणी बघायला शिकवत.

त्यानंतरची पायरी सगळ्यात नाजूक. चांदीच्या द्रावणात तांब्याचा मिश्रधातू नुसता बुडवला तरी वीज न देताच त्यावर चांदीची साय धरते, आणि ती धड चिकटत नाही. हे टाळायला जुन्या काळी पाऱ्याच्या क्षाराच्या पाण्यात एक बुडी देत. आज आम्ही स्ट्राइक देतो : चांदी अगदी कमी, सायनाइड जास्त, करंट चालू ठेवूनच नग आत सोडायचा, काही सेकंदांत बाहेर. मग मुख्य टाकी. त्यात चांदीचे ॲनोड (धन टोक) विरघळतात, चमचे कॅथोडवर (ऋण टोक) टांगलेले.

हिशेब सोपा आहे. एक अँपिअर तासभर वाहिला की ४.०२५ ग्रॅम चांदी बसते. फॅरडेनं हा नियम १८३०च्या दशकात मांडला आणि प्लेटिंगवाल्यांना चांदीची चोरी पकडायचं साधन मिळालं. करंट आणि वेळ लिहून ठेवा, ॲनोडचं वजन करा, गणित जुळलंच पाहिजे.

तुम्ही मिश्रधातू, रूळ, टाकी म्हणालात ते पटलं. फक्त चौथं नाव घाला : पाणी. नदीकाठ उगाच निवडला नसणार. रूळ फिरवायला पाणी, आणि धुवायला त्याहून जास्त.

धातुवेडा :
भोसरीकर काका, चौथं नाव मान्य. असा प्रतिसाद मिळाला की धागा काढल्याचं चीज होतं. एक विचारतो : १८४०-५०च्या दशकात डायनामो नव्हता, बॅटऱ्यांवर हे कसं निभत असेल?

भोसरीकर :
निभत होतं, कारण चांदीला व्होल्टेज फार कमी लागतं. डॅनियलच्या किंवा स्मीच्या बॅटऱ्या पुरत. त्रास असा की जस्ताच्या कांड्या खात राहायच्या आणि करंट दिवसभरात उतरायचा. बर्मिंगहॅमला १८४४ पासून वुलरिचचं चुंबकाचं यंत्र मुलाम्याला वापरलं गेलं. विजेच्या यंत्राचा कारखान्यातला हा अगदी सुरुवातीचा उपयोग, दिव्यांच्या कितीतरी आधीचा. १८७०च्या दशकात ग्राम नावाच्या संशोधकाचा डायनामो आला आणि मग बॅटऱ्यांची खोली मोडीत निघाली.

आणखी एक. सायनाइडची टाकी आणि ॲसिडची टाकी शेजारी ठेवायची नाही, एकाचं पाणी दुसऱ्याच्या गटारात जाऊ द्यायचं नाही. दोन्ही मिसळले की जो वायू निघतो तो माणूस मारतो. पारा गेला म्हणून मुलाम्याचं काम निर्धोक झालं असं कुणी समजू नये. धोका बदलला, इतकंच.

---

जुनाबाजार :
मला जुनी भांडी जमवायचा नाद आहे. मुंबईत चोर बाजारात ई.पी.एन.एस. (जर्मन सिल्व्हरवर विजेनं चांदी चढवलेली) ठशाचे इंग्रजी चमचे ढिगानं मिळतात, पण एका गठ्ठ्यात अस्वलाचं चिन्ह असलेले काही जड चमचे मिळाले होते. दांड्यावर मागे ‘९०’ असा आकडा. विकणारा म्हणाला, नव्वद टक्के चांदी. खरं असेल का?

धातुवेडा :
अस्वल म्हणजे बर्नडॉर्फ असण्याची शक्यता दाट आहे. सोबत ‘अल्पाका’, ‘बर्नडॉर्फ’ किंवा हर्मानचा मुलगा आर्थर क्रुप याची आद्याक्षरं दिसतात का ते भिंगातून पाहा. पण नव्वद टक्के मुळीच नाही. जर्मन-ऑस्ट्रियन चमच्यांवरचा ९० म्हणजे बारा मोठे चमचे आणि बारा काटे मिळून चढवलेली चांदी, ग्रॅममध्ये. नेमकं सांगायचं तर २४ चौरस डेसिमीटर पृष्ठभागावर ९० ग्रॅम. अस्सल चांदीच्या वस्तूवर ८०० किंवा ९२५ असा तीन आकडी शिक्का असतो.

भोसरीकर :
ही जाडी काढली तर साधारण ३६ मायक्रॉन येते. आज बाजारात जे ‘सिल्व्हर प्लेटेड’ म्हणून शोभेचं सामान मिळतं त्यावर बहुतेकदा याच्या दशांशही नसते. एवढी चांदी हळू करंटवर बसवायला तीनेक तास लागतात. करंट वाढवून घाई केली तर चांदी जळते, म्हणजे करडी, भुसभुशीत बसते.

जुन्या वर्कशॉपमध्ये यासाठी एक तराजू असे, तो मला फार आवडतो. नग ज्या दांडीला टांगलेले ती दांडीच तराजूच्या एका बाजूला. दुसऱ्या पारड्यात हवं तेवढं वजन. चमच्यांवर ठरलेली चांदी बसली की ती बाजू खाली झुकते, संपर्क तुटतो, करंट आपोआप बंद. पॅरिसच्या रोझलरचा तराजू म्हणून तो ओळखला जाई. मीटर नाही, टायमर नाही, आणि गिऱ्हाइकाला ९० लिहून दिलं तर ९० मिळणार.

जुनाबाजार, चमचा उलटा ठेवून वाटीचा जो भाग टेबलाला टेकतो तिथे बघा. झीज तिथेच आधी होते. चांगले कारखाने तिथे मुद्दाम जास्त चांदी देत.

जुनाबाजार :
पाहिलं. टेकणारा भाग किंचित पिवळसर पांढरा झालाय, बाकी चांदी शाबूत. आता हे चमचे वापरात काढतो.

---

केतकी_व्हिएन्ना :
मी व्हिएन्नात राहते. बर्नडॉर्फ पाहिलंय. हर्मानपेक्षा तिथे त्याच्या मुलाचं, आर्थरचं नाव जास्त ऐकू येतं. त्याचा जन्म १८५६चा, वडील गेले तेव्हा विशीतच होता. कारखाना त्यानं कितीतरी पटींनी वाढवला. शुद्ध निकेलची स्वयंपाकाची भांडी हे त्याचं मोठं काम. निकेल आधी ठिसूळ, ठोकलं की तडकायचं. इझरलोनच्या फ्लाइटमननं त्यात चिमूटभर मॅग्नेशियम घालून ते लवचिक केलं आणि मग त्याचे पत्रे, पातेली निघू लागली. १८९२ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीनं नवं चलन आणलं, त्यातली १० आणि २० हेलरची नाणी शुद्ध निकेलची होती. त्यांच्या कोऱ्या चकत्यांचं काम बर्नडॉर्फला मिळालं.

पण मला सांगायचंय ते शाळेविषयी. आर्थरनं कामगारांच्या गावाला घरं, दुकान, स्नानगृह, नाट्यगृह बांधून दिलं. नाट्यगृह फेल्नर आणि हेल्मर या त्या काळच्या गाजलेल्या जोडीचं, १८९९ मध्ये सम्राट फ्रान्झ योसेफच्या उपस्थितीत उघडलं. पुढच्याच वर्षी बर्नडॉर्फला शहराचा दर्जा मिळाला. मग १९०८-०९ मध्ये लुडविग बाउमान या वास्तुकाराकडून चर्चच्या नियोजित जागेच्या दोन बाजूंना दोन शाळा बांधून घेतल्या. एक मुलांची, एक मुलींची. त्यात बारा वर्गखोल्या, प्रत्येक वेगळ्या शैलीत : इजिप्शियन, डोरिक, पाँपेईची, रोमन, बायझंटाइन, मूरिश, रोमनेस्क, गॉथिक, रेनेसाँस, चौदाव्या लुईची बरोक, रोकोको, एम्पायर.

आणि या खोल्यांत अजून वर्ग भरतात! मी गेले तेव्हा मूरिश वर्गात अल्हांब्राच्या धर्तीच्या नक्षीखाली पोरांची दप्तरं अडकवलेली होती. चमचे बनवणाऱ्या कामगारांच्या मुलांनी शैली डोळ्यांनी शिकावी, मोठेपणी ठसे कोरताना हात चुकू नये, असा त्यामागचा विचार सांगतात. मला तो विचार फार भावला.

शाल्मली :
केतकीताई, शाळेचं वर्णन वाचून जावंसं वाटलं. पण थोडा वेगळा सूर लावते. घर मालकाचं, दुकान मालकाचं, शाळा मालकाची, चर्चही त्याच्या बायकोच्या नावच्या संतिणीचं. अशा गावात कामगारानं मालकाशी भांडायचं कुठे उभं राहून? नोकरी गेली की छप्परही जाणार. शाळा सुंदर आहे, पण तिथला मुलगा ठसेच कोरणार हे आधीच ठरवून ती बांधली आहे, हे मला खटकतं. आणि याच कारखान्यानं पहिल्या महायुद्धात काडतुसांचं सामानही पुरवलं. पितळ-निकेलचे पत्रे ओढायची यंत्रं चमच्याला चालतात तशी गोळीच्या टोपणालाही चालतात.

धातुवेडा :
शाल्मली, काडतुसांचा मुद्दा अगदी रास्त. धातूचा पत्रा खोल ओढायची विद्या ज्याच्याकडे होती त्या प्रत्येक कारखान्याकडे लष्कर वळलं, आणि बर्नडॉर्फनं ते काम घेतलं. ते झाकून क्रुपांचं कौतुक करता येणार नाही.

मालकाच्या गावाबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं. त्या काळी व्हिएन्नातल्या कामगारांना खाट पाळीपाळीनं भाड्यानं घ्यावी लागे, दिवसा एक झोपणार, रात्री दुसरा. त्याच्या शेजारी बर्नडॉर्फचं घर ठेवून बघितलं पाहिजे. परावलंबन होतंच. पण ओल नसलेली भिंत आणि चालू शाळा हीही खरी गोष्ट होती, आणि ती उपभोगणाऱ्यांना ती तत्त्वाच्या तराजूत तोलायची सवड नव्हती.

शाल्मली :
ओल नसलेल्या भिंतीचं मोल मी कमी करत नाही. पण ती भिंत हक्कानं मिळाली असती तर मालक बदलल्यावर टिकली असती. आर्थरच्या पश्चात काय झालं ते तुम्हीच लिहा.

धातुवेडा :
लिहितो. पहिल्या महायुद्धानं साम्राज्य मोडलं आणि बर्नडॉर्फची बाजारपेठ एका फटक्यात परदेश झाली. बोहेमिया, हंगेरी, गॅलिशिया, सगळीकडे सीमा आणि जकात. कारखाना बँकांच्या आधारानं तगला. आर्थर १९३८ मध्ये गेला, त्याच वर्षी जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला आणि एसेनच्या क्रुपांनी बर्नडॉर्फ ताब्यात घेतलं. धाकट्या पातीचा कारखाना थोरल्या पातीच्या घशात गेला, तोही शस्त्रांसाठी. युद्धानंतर ऑस्ट्रियन सरकारनं त्याचं राष्ट्रीयीकरण केलं, १९५७ मध्ये तो रान्सहोफेनच्या ॲल्युमिनियम कारखान्याला जोडला गेला. १९८०च्या दशकात सरकारी धातुउद्योग तोट्यात रुतला तेव्हा व्यवस्थापकांनीच तो विकत घेतला. आज बर्नडॉर्फची ओळख सलग पोलादी पट्ट्यांसाठी आहे, ज्यांच्यावर बिस्किटं भाजली जातात आणि लाकडाच्या चिपांचे बोर्ड दाबले जातात.

भोसरीकर :
सलग पोलादी पट्टा म्हणजे पुन्हा रुळाचंच काम. रूळ टिकला, टाकी गेली. बरोबर आहे, स्टेनलेस स्टील आल्यावर घरगुती चमच्याला मुलामा कोण देणार? आता चांदी जाते ती स्विचगिअरच्या (मोठ्या वीज-खटक्यांच्या) काँटॅक्टवर आणि बसबारवर, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांवर. टाकीतलं रसायन तेच, आणि पाणी बघायला शिकवणंही तेच.

---

रानवारा :
शेवटची शंका. बर्नडॉर्फला जायचं तर कसं?

केतकी_व्हिएन्ना :
व्हिएन्नाहून दक्षिणेकडच्या मुख्य मार्गानं लेओबर्सडॉर्फपर्यंत रेल्वे, तिथे ट्रीस्टिंग खोऱ्याची छोटी गाडी बदलायची. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. वर्गखोल्या पाहायच्या तर शाळा सुटल्यावरची किंवा सुट्टीतली वेळ आधी विचारून ठरवा, मुलं बसलेली असताना आत सोडत नाहीत. गावात क्रुपांच्या कारखान्याचं संग्रहालयही आहे, तिथे जुने ठसे आणि चमचे नीट मांडलेत. भोसरीकर काका, तुम्ही इकडे आलात तर मला आधी कळवा, मी सोबत येईन. ठशांसमोर उभं राहून तुमच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

भोसरीकर :
नक्की कळवतो ताई. दिवाळीनंतर मुलीकडे म्युनिकला यायचं घाटतंय.